वाघाटीचे तीन फोटो आणि ‘इतर’ नावाचं फोल्डर

वाघाटी, म्हणजे ती इवलीशी ठिपकेदार रानमांजर, मिळाली! म्हणजे कॅमेऱ्यात मिळाली. सह्याद्रीतल्या एका अभयारण्यात लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा) तिचे लागोपाठ तीन फोटो आलेत, पहिल्यात अर्धं तोंड, दुसऱ्यात अख्खं अंग आडवं, तिसऱ्यात नुसतं शेपटीचं टोक. या अभयारण्याच्या चेकलिस्टमध्ये, म्हणजे इथे नोंद झालेल्या प्राण्यांच्या यादीत, ती आजवर नव्हती, त्यामुळे ग्रुपवर धमाल चालू आहे आणि फोटो बघणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "अगं पण हे बिबट्याचं पिल्लू नाही ना?"

नाही बाबांनो. हा गोंधळ मात्र जुनाच आहे, जुन्नरकडे ऊसतोडीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्लं सापडतात आणि बिबट्याची समजून गावभर बोंब होते, मग वनखातं येऊन पिल्लं परत तिथेच ठेवतं, रात्री आई येऊन घेऊन जाते. मोठी झालेली वाघाटी पण भरते किती, तर किलो-दीड किलो. म्हणजे घरातल्या मांजरापेक्षा लहान. जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांत हिचा नंबर लागतो, आणि भारत, श्रीलंका, नेपाळ सोडून ती कुठेच नाही. (काही जण लेपर्ड कॅट नावाच्या दुसऱ्या ठिपकेदार रानमांजरालाही वाघाटीच म्हणतात, मी लिहितेय ती रस्टी स्पॉटेड कॅट.)

आता ओळख पटवायची भानगड. रात्रीचा फोटो इन्फ्रारेडवर येतो, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, आणि हिच्या इंग्रजी नावातला तो गंजासारखा तांबूस रंग नेमका तिथेच गायब! मग उरतं काय, तर नक्षी आणि माप. आमच्या पहिल्या फोटोत डोळ्यांच्या आतल्या कडेने कपाळावर चढत गेलेले पांढरे पट्टे स्वच्छ दिसतात, कान छोटे आणि गोलसर. तिसऱ्या फोटोतली शेपटी बघून मी खुर्चीतून उठलेच, कारण ती जवळजवळ साधी आहे, लेपर्ड कॅटच्या शेपटीवर ठिपके उठून दिसतात तसं इथे काहीच नाही. तरी शंका नको म्हणून नंतर त्याच जागी, त्याच कॅमेऱ्यासमोर, दर दहा सेंटीमीटरला काळी पट्टी मारलेली काठी उभी-आडवी धरून फोटो काढले आणि दोन्ही फोटो एकावर एक ठेवून बघितले. हिची डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी साधारण ३५ ते ४८ सेंटीमीटर असते, आमची बाई त्यात आरामात बसते. काठी धरून ओणवं उभं राहणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कमी ग्लॅमरस काम, पण नोंद टिकते ती अशा कामावर.

बरं, मग इतकी वर्षं ती दिसली कशी नाही? माझं मत विचाराल तर ती होतीच, आपले कॅमेरे तिच्यासाठी नव्हते. वाघ-बिबट्यासाठीचा कॅमेरा लावतात गुडघ्याच्या आसपास, तोही रुंद रस्त्यावर किंवा मोठ्या पाऊलवाटेवर, कारण मोठी जनावरं तिथून चालतात. सेंसर पकडतो ती हलणारी उष्णता, त्यामुळे एवढंसं जनावर त्याच्या खालून निघून गेलं किंवा पाच-सहा मीटर लांबून गेलं तर त्याला पत्ताच नाही, आणि एप्रिल-मेमध्ये जमीनच इतकी तापलेली असते की अंगाची उष्णता वेगळी उठून दिसत नाही, मग तर विचारूच नका. आम्ही कॅमेरा घोट्याच्या वर जेमतेम वीतभर ठेवला होता, ओढ्याच्या कडेला, जिथे उंदरांची बिळं आहेत तिथे. बास, एवढाच फरक.

२०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि वन्यप्राण्यांचे ३,४८,५८,६२३ फोटो आले, त्यात वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. मी हिशेब करून बघितला, दोन्ही मिळून सव्वा लाखाच्या थोडे वर! बाकीच्यांत चितळ-सांबर भरपूर असणार हे मान्य, पण छोटे मांसाहारी पण असणारच ना, जवादी, उदमांजर, मुंगूस, वाघाटी. गणना वाघाची आहे तर वाघच आधी मोजणार, त्यात चूक काही नाही, मला राग येतो तो नंतरचा, कारण अशा लहान-मोठ्या कुठल्याही सर्व्हेत उरलेलं सगळं ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि ते फोल्डर परत कुणी उघडत नाही.

फोटो आमच्या वॉचर मामांना दाखवला तर ते म्हणाले, "ही व्हय? ही झाडाच्या ढोलीत असती, पिल्लं पण तिथंच घालती." एवढं बोलून बिडी पेटवायला गेले. मी ढोली कुठली, कधी बघितली, किती पिल्लं, सगळं वहीत लिहून घेतलं, पण चेकलिस्टला पुरावा लागतो, तारीख लागते, जीपीएस लागतो, आणि ते बरोबरच आहे.

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला, प्राणी आहे, आणि लोकेशन फुटलं की रात्री टॉर्च घेऊन फोटोवाले हजर होतात. अभयारण्यात अभ्यासाला जायचं तरी आधी परवानगी काढावी लागते, आमचीही होती, ज्यांना खरंच काम करायचंय त्यांनी तो अर्ज करावा, मला मेसेज करून ओढा विचारू नये. जागेचे नेमके जीपीएस आकडे वनखात्याकडे दिलेत, तिथे ते सुरक्षित आहेत.

सध्या जुन्या एसडी कार्डांमधलं ‘इतर’ उघडून बसलेय. साळिंदर खूप, मुंगूस बऱ्यापैकी, आणि एका फोटोत कडेला फक्त शेपूट, काळी-पांढरी कडी असलेली. म्हणजे जवादी मांजर, आणि गंमत म्हणजे चेकलिस्टमध्ये तीही नाही.