निऱ्या फुगायच्या थांबल्या, निळ्या साडीवरची खळीची रेघ अजून बाकी

सुती साडीच्या निऱ्या पोटाशी फुगायच्या थांबल्या! मागच्या नोंदीत ‘खळ पातळ करा’ असं लिहिलं होतं, ते आता मागे घेते. पातळ खळीने फुगवटा जातो खरा, पण सकाळच्या लोकलमध्ये तासभर उभं राहिलं की साडीचं पोतेरं होतं. मुंबईच्या दमट हवेत खळ ओल शोषते आणि मऊ पडते, मग खालचा घेर पायात घोटाळतो. उपाय खळीच्या दाटपणात नव्हताच. खळ कुठे लावायची, यात होता.

सहा निऱ्या घातल्या की कमरेपाशी बारा पदरी कापड एका जागी खोचलं जातं. त्यात खळ असली की प्रत्येक घडी स्प्रिंगसारखी उसळते आणि पोट नसलेल्या बाईलाही पोट दिसतं. घोट्यापाशी मात्र कडकपणा हवाच, त्याशिवाय निऱ्या सरळ पडत नाहीत. म्हणून निऱ्यांच्या भागात वरची २५ सें.मी. पट्टी खळीबाहेर ठेवली. आतला पहिला वेढाही कोराच ठेवला, त्यामुळे नितंबांवरचा फुगीरपणाही कमी झाला. पदराला मात्र पूर्ण खळ.

निऱ्या नेमक्या कुठे येतात हे अंदाजाने ठरवू नका. साडी एकदा नेसून पहिल्या आणि शेवटच्या निरीला पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घाला. सेफ्टी पिन नको, ओल्या कापडावर गंजाचा डाग पडतो आणि तो खळीपेक्षा कितीतरी चिवट.

प्रमाण: तीन मोठे चमचे साबुदाणा (साधारण ४० ग्रॅम) तासभर भिजवून एक लिटर पाण्यात मंद आचेवर शिजवायचा. दाण्यातला पांढरा ठिपका पूर्ण जाईपर्यंत गॅस बंद करायचा नाही. गाळून, गार करून, पाणी घालून एकूण तीन लिटर करायचं. अर्धी बादली पाणी घातलंत तर खळ लागली की नाही हेसुद्धा कळत नाही.

आता ज्याने सगळा वेळ खाल्ला ते. नेव्ही ब्लू मंगळगिरी सुती साडी, अंग साधं, काठ जरीचा. गडद रंगावर खळीची प्रत्येक चूक दिसते. भाताच्या पेजेने साडीभर पांढुरकी झाक आली. तांदळाची आणि मैद्याची खळ वाळल्यावर अपारदर्शक राहते. साबुदाण्याची काचेसारखी वाळते, म्हणून गडद रंगाला तीच. पण स्टीलच्या चहाच्या गाळणीतून गाळली तेव्हा बारीक गुठळ्या सुटल्या आणि निऱ्यांवर तांदळाच्या कणीएवढे ठिपके उमटले. दुहेरी मलमलीतून गाळल्यावर ठिपके गेले, पण नकाशासारखे मोठे डाग आले.

ते नकाशे का येत होते हे कळायला तीन धुण्या लागल्या. साडी कोरडीच खळीत घातली जात होती. कोरडं सूत जिथे आधी टेकतं तिथे खळ ओढून घेतं, उरलेल्या भागाला पाणीच जास्त मिळतं. शिवाय खळ कोऱ्या पट्टीत चार बोटं वर चढायची. आता आख्खी साडी आधी साध्या पाण्यात भिजवून, नुसती दाबून पाणी काढायचं आणि मग खळीत घालायचं. सूत आधीच पाण्याने भरलेलं असलं की खळ सावकाश आणि सारखी पसरते, वरही चढत नाही. डाग गेले, एकही उरला नाही! नंतर पिळायचं मात्र नाही, पिळ्याच्या वळ्या जशाच्या तशा वाळतात. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. आधीचे डाग कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून निघाले, चोळावं लागलं नाही.

वाळत घालताना खालचा काठ खाली. ओलं पाणी उतरतं तशी खळही थोडी काठाकडे उतरते, आणि आपल्याला ती तिथेच हवी आहे. इस्त्री उलट्या बाजूने, कापड जरा दमट असतानाच. इस्त्रीची चकती तीन ठिपक्यांवर, म्हणजे सगळ्यात गरम, ठेवून एका जागी रेंगाळली तर खळ पिवळी पडते. जरीच्या काठावर सुती रुमाल घालून फिरवा.

एक गोष्ट अजून छळतेय. खळ जिथे संपते तिथे, वरून २५ सें.मी.वर, एक फिकट रेघ दिसते. ट्यूबलाइटखाली नाही, पण खिडकीच्या उजेडात दिसते. पट्टी १८ सें.मी.वर आणून रेघ निऱ्यांच्या घडीत लपवायचा विचार होता. पण हे लिहितानाच दुसरं सुचलं: पट्टी बाहेर ठेवण्याऐवजी सगळी निरी खळीत बुडवायची आणि मग फक्त वरचा भाग साध्या पाण्यात दोनदा हलवून काढायचा. कडा आपोआप विरळ होईल. म्हणजे पुढची पाळी इरकल साडीची नाही, पुन्हा निळ्या साडीचीच. इरकलचा लाल पदर रंग सोडतो, त्याला घाई नकोच. तो धुताना मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होतो यावर विश्वास ठेवू नका. गार पाणी, थोडा वेळ, आणि पदर अंगापासून वेगळा धरून धुणं, एवढंच कामाला येतं.

परकराबद्दल एक ओळ: दादरला तयार परकर घेताना घेर मोजून घ्या. जास्त घेराचा परकर असला की खळीची सगळी मेहनत वाया. कमी कळ्यांचा (उभ्या तुकड्यांचा), सुती आणि नाडीची पट्टी रुंद असलेला बघा. नाडीची गाठ निऱ्यांखाली नको, कुशीला बांधा.

पाऊस तोंडावर आलाय. जूनच्या आधी सगळ्या साड्यांची खळ धुऊन काढायची. खळ म्हणजे कसर आणि बुरशी दोघांचंही अन्न, आणि डांबरगोळीने बुरशी थांबत नाही. पावसाळ्यात वजन फॉलने द्यायचं: सुती फॉल, आणि तो लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून. न भिजवता लावला तर पहिल्याच धुण्यात आकसतो आणि काठ चुणतो. फॉल-पिकोवाल्याला हे स्पष्ट सांगा, किंवा दादरच्या हिंदमाता कापडबाजारातून फॉल आणून घरीच भिजवून द्या. निळ्या मंगळगिरीचा फॉल आत्ता बादलीत आहे.