लाँगबुकातलं मोहेंजोदडो

आमच्या वर्गात इतिहासाच्या नोट्सचं एकच लाँगबुक होतं, सगळ्यांचं मिळून. कारण साधं. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जूनला शाळा उघडली तरी मिटायचं नाव नाही, अर्ध्या वर्गाचे वडील गिरणीत, कोणी गावाला निघून गेलेले, कोणी मिळेल ते काम करतायत, मग गाईड कुठून घेणार? बाई म्हणाल्या, गाईड हवंय कशाला, तुम्हीच लिहा. प्राचीन संस्कृती बाकांप्रमाणे वाटून दिल्या. मागच्या बाकाने चीन दीड पानात उरकला, होआंगहोचे पूर आणि हाडांवर कोरलेली अक्षरं, खलास.

लाँगबुक रोज एकेकाच्या घरी जायचं. गंमत अशी की ज्याला जे आवडलं त्यावर तो भरमसाट लिहायचा आणि बाकीचं दोन ओळीत. इजिप्तवालीने सगळे फेरो अर्ध्या पानात बसवले आणि ममी कशी बनवतात ते मात्र पानंच्या पानं, नाकातून हूक घालून मेंदू काढायचा, हृदय आतच ठेवायचं, मग नेट्रॉन नावाच्या क्षारात बॉडी सुकवायची. डबा खाताना ती पानं उघडायची सोय नव्हती. मेसोपोटेमिया आमच्या ढापण्याकडे. त्याने हम्मुराबीच्या 282 कायद्यांपैकी एकच लाल पेनने लिहिला, की बांधलेलं घर पडून घरमालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड. ढापण्याच्या चाळीला तेव्हा टेकू लावलेले आणि वर पाऊस धो धो, त्यामुळे ते कलम वर्गाला न शिकवता पाठ झालं. बाई आम्हाला म्युझियमला पण घेऊन गेल्या, असिरियन दगडी शिल्पं बघायला, त्याचं कोणी लिहिलंच नाही.

सिंधू आमच्या बाकाकडे. मी विटांचं 4:2:1 प्रमाण आणि महास्नानगृह घेतलं, 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर, सगळं मार्क मिळवणारं मटेरियल. माझ्या शेजारच्याचे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीत कापड विणतात तिथे, म्हणून असेल, त्याने एकच गोष्ट धरली. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, धातूचा गंज त्यात उतरला म्हणून तो टिकला, नाहीतर सुती कापड चार हजार वर्षं कुठे टिकतंय! लाँगबुक त्याच्या घरी गेलं तेव्हा वडिलांनी (संपामुळे दिवसभर घरीच) ते पान वाचलं आणि विचारलं, सूत किती नंबरचं, म्हणजे किती बारीक होतं? दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात विचारलं. आम्ही बाईंकडे बघितलं. बाईंनी फळ्यावर कोपऱ्यात लिहिलं, ‘सूत किती नंबर?’, आणि ते बरेच दिवस पुसू दिलं नाही. पाठ्यपुस्तकात असला प्रश्नच नव्हता, आणि माझ्या मते सगळ्या धड्यात विचारण्यासारखा तोच होता.

उत्तर मला खूप वर्षांनी मिळालं, तेही दुसरंच काही वाचताना. तो तुकडा तपासला होता आपल्या माटुंग्याच्या कापसाच्या लॅबमध्ये, आमच्या करी रोडवरून तिसरं स्टेशन! गुलाटी आणि टर्नर अशा दोघांनी, आणि 1928 साली त्यावर लिहिलं पण. आम्ही मुंबईभर लायब्ऱ्या शोधतोय आणि हे ट्रेनने दहा मिनिटांवर. मायक्रोस्कोपखाली कापसाच्या तंतूचे पीळ दिसले, म्हणजे खरा कापूसच, जवस-बिवस नाही. आणि सूत 34 नंबरचं.

लगेच बाकावरच्या त्या शेजाऱ्याला फोन लावला. तो आता बदलापूरला असतो, कापडाशी काही संबंध राहिलेला नाही. कसा आहेस वगैरे काही नाही, मी डायरेक्ट म्हटलं, अरे 34 नंबर! दोन सेकंद गप्प, मग म्हणतो, ताण्याचं का बाण्याचं?

दोन्हीचं, म्हटलं.