कायेन जीटीएसच का घेतली

लॅम्बोर्गिनीच्या पहिल्या उरुस एसयूव्हीचा 650 पीएसचा (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, साधारण हॉर्सपॉवरच) आकडा भारीच होता, पण मला रोज पुण्यात चालवायला गाडी हवी होती, म्हणून पोर्शेची एसयूव्ही, कायेन जीटीएस. 4 लिटरचा ट्विन टर्बो व्ही8 (आठ सिलेंडरचं इंजिन), 500 पीएस, आणि एअर सस्पेन्शन स्टँडर्ड, ते फार महत्त्वाचं! सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर आला की बटण दाबायचं, गाडी सावकाश वर उचलली जाते, मग पोट घासत नाही.

खरा खर्च टायरचा बरं का. 21 इंची, रुंदी पुढे 285 मागे 315 मिमी, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत आणि साइडवॉल (टायरची बाजूची रबरी भिंत) एवढी कमी की पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा जोरात लागला तर टायर गेलाच समजा. एक्सप्रेसवेला लिमिट 100च आहे, तरी ट्रकला ओव्हरटेक करताना तो व्ही8चा आवाज, अहाहा!