उरलेल्या जागेतली झाडं

पिंपरी, चिंचवड, वडमुखवाडी, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. बसवरच्या पाट्या वाचत गेलं तर वाटावं, ही गाडी आता रानातून जाणार. निगडी म्हटलं की निर्गुडी आठवते. प्रत्यक्षात गाडी जाते ती लेथ, प्रेस, फोर्जिंग आणि पेंट शॉपच्या वस्तीतून. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना आला, 1962 मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, माळावर प्लॉट पडले, आणि झाडं बरीचशी नावातच राहिली.

तरीही पिंपरी-चिंचवड हे शहर अगदीच भकास नाही. फक्त इथल्या बागा कुठं आहेत ते एकदा नीट बघावं. दुर्गा टेकडी ही टेकडी. संभाजीनगरची बर्ड व्हॅली ही दगडाची जुनी खाण. दगड काढून झाला, खड्ड्यात पाणी साचलं, त्याचं तळं झालं आणि भोवती कुंपण पडलं. बाकीच्यांत कुठं नाल्याची कड, कुठं उच्चदाबाच्या तारांखालची पट्टी, कुठं दोन रस्त्यांच्या बेचक्यातला त्रिकोण. जिथं शेड बसत नाही आणि इमारत चढत नाही, ती जागा बागेच्या वाट्याला येते. यात तक्रार करण्यासारखं फार नाही, टेकडी वाचली हेच खूप. पण अशा जागेवर झाड लावणं म्हणजे काय, हे उद्घाटनाच्या फलकावर लिहिलेलं नसतं. ते कळतं पहार मारल्यावर.

पहार मारली की आधी येतो राडारोडा. विटांचे तुकडे, गिलाव्याचे पापुद्रे, फरशीचे कोपरे. भोसरीच्या बाजूला असाल तर मधूनच काळी जळकी वाळू लागते. ती फाउंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची, साच्यांत वापरून टाकलेली. भरावाला स्वस्त पडते, पण पाणी धरत नाही. त्याच्याखाली मुरूम, आणि तोही रोलरनं दाबलेला. मग कातळ. म्हणजे मुळांना राहायला घरच नाही, आणि आपण वर सावलीची अपेक्षा करून बसलोय.

म्हणून सगळा खेळ खड्ड्याचा. मुरमाड जमिनीत मोठ्या होणाऱ्या झाडाला एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा लागतो. कंत्राटात तो लिहिलेलाही असतो. जागेवर मात्र बरेचदा दीड फुटाचा निघतो. बघणाऱ्याला वाटतं, निम्म्याच्या आसपास तर आहे की! बाजू निम्म्याच्या आसपास आहे, खरं. पण घनफळ काढून पाहा, एक घनमीटरच्या जागी जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. बाकीचे दहा हिस्से माती, दहा हिस्से शेणखत, दहा हिस्से ओल, सगळं गेलं. असं झाड मरत नाही, हीच पंचाईत. मेलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. ते पंधरा वर्षं कंबरेएवढंच राहतं आणि गणतीत 'जिवंत' म्हणून मोजलं जातं.

मातीचा हिशोबही सोपा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे 2.8 घनमीटर. एका ब्रासमध्ये फार तर पावणेतीन खड्डे भरतात. यात दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कच्चं शेण घातलं तर ते खड्ड्यातच कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजून निघतात. शिवाय हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते ती वेगळीच. पाचशे झाडांचा कार्यक्रम ठरला की माती-खताच्या पावत्या मागाव्यात. पावणेदोनशे ब्रासच्या जवळपास आकडा नसेल, तर झाडं कशात उभी आहेत ते न खणताही समजतं.

खड्डा मे महिन्यात काढून पंधरा दिवस उन्हात उघडा ठेवतात. भरण्याआधी त्यात दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी सकाळी यावं. पाणी तसंच उभं असेल तर तो खड्डा नव्हे, टाकी आहे. जुलैत ती भरेल, मुळं कुजतील, आणि लोक म्हणतील, इतका पाऊस झाला तरी झाड वाळलं कसं! अशा वेळी तळाला पहारेनं चार-पाच भोकं फोडून मुरूम मोकळा करायचा. ते जमत नसेल तर खड्ड्याचा नाद सोडून वर उंचवटा करून त्यावर लावावं.

मग येतो 5 जून. पर्यावरण दिन. पुण्याच्या परिसरात मोसमी पाऊस यायचा तो 10 जूनच्या सुमारास, आणि जमिनीत खोलवर ओल जायला त्यानंतरही आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे रोपं लागतात ती नेमकी वर्षातल्या वाईट आठवड्यात. पाहुण्यांना 25 जूनला बोलवायला कुणाचीच हरकत नसावी, पण दिनविशेष पडला आडवा. फोटोच्या घाईत आणखी एक गोष्ट होते, पिशवी. काळी पिशवी ब्लेडनं पूर्ण चिरून काढायची असते. नुसता तळ फाडून भागत नाही. नर्सरीत दोन-तीन वर्षं राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतात, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. ती हातानं सोडवायची, फार गुंडाळलेली कापायची. तसंच पुरलं तर मुळं पुढंही गोलच वाढतात. झाड आठ वर्षांचं, वीस फुटांचं होतं आणि एका वळिवात उपटून आडवं पडतं. खाली बघावं तर मुळांचा अजून पिशवीएवढाच गोळा.

राडारोड्यातली दुसरी गंमत पानांवर दिसते. नवी पालवी पिवळी, शिरा मात्र हिरव्या. माळीमामांच्या डोक्यात पहिलं नाव येतं युरियाचं. पण इथं नत्र कमी नसतं. सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि त्यात असलेलं लोहसुद्धा मुळांना घेता येत नाही. भोवती लोखंडाचे कारखाने आणि झाडाला लोह मिळत नाही! युरियानं फुटवे आणखी येतात, तेही पिवळेच. आळ्यातला चुरा उकरून काढणं, गंधक आणि भरपूर पालापाचोळ्याचं खत देणं, हा उपाय. सावकाश लागू पडतो.

कोणती झाडं, यावर वाद घालायला सगळ्यांना आवडतं. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री अमेरिकेतला, म्हणून ते परके; वड, पिंपळ, करंज आपले. इतकं सरळ नसतं ते. जमशेटजी टाटांनी 1902 मध्ये मुलाला, दोराबजींना, पोलादाच्या नियोजित गावाविषयी पत्र लिहिलं. रस्ते रुंद ठेव, सावलीची झाडं लाव, असं त्यात होतंच. पण त्याच वाक्यात पुढं एक बारीक सूचना होती, की त्यातलं दर दुसरं झाड लवकर वाढणाऱ्या जातीचं असू दे. तेव्हा गावाची जागाही ठरलेली नव्हती. ते गाव पुढं जमशेदपूर झालं. तिथून टेल्कोमार्गे, म्हणजे पुढं टाटा मोटर्स झालेल्या कंपनीमार्गे, ही झाडांची शिस्त पिंपरीतही आली. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी इथल्या उजाड माळावर कारखाना उभारताना झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं. त्या तळ्याला आज त्यांचंच नाव आहे, सुमंत सरोवर.

'दर दुसरं' या दोन शब्दांत माळीकामाचं मोठं शहाणपण आहे. लवकर वाढणारं झाड पाच-सहा वर्षांत सावली धरतं, जमीन थंड ठेवतं, पाला पाडून माती करतं. त्याच्या आडोशाला हळू वाढणारं, जांभूळ, करंज, वावळ, अर्जुन, सरळ वर चढतं. दहा-बारा वर्षांनी पहिलं काढायचं आणि दुसऱ्याला जागा द्यायची. दाईनं मूल वाढवून द्यावं तसं.

आपल्याकडे टेकड्यांवर दाई आल्या, मुलं आलीच नाहीत. गिरिपुष्प लावलं गेलं, कारण फांदी खोचली तरी जगतं, मुरमात जगतं, आणि शेंगवर्गातलं असल्यानं जमिनीला नत्र देतं. उंदीरमारी हे त्याचंच दुसरं नाव. फेब्रुवारीत पानं झडून टेकडी गुलाबी होते, फोटो सुंदर येतात. पण दाट गिरिपुष्पाखाली उभं राहून खाली बघावं. गवत जवळजवळ नाही, झुडपं नाहीत, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आलेलं एखादं करवंद असलं तर नशीब. आता विरळणी करायची तर 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी, आणि कुऱ्हाड दिसली की फिरायला येणारे काका-काकू धावून येतात. त्यांचं चुकत नाही. कुऱ्हाड बहुतेक वेळा वाईट कामासाठीच आलेली असते, मग चांगल्या कामाच्या कुऱ्हाडीवर विश्वास कसा ठेवायचा? तरी मार्ग आहे. एका वर्षी दहातलं एकच काढायचं, त्याच जागी त्याच पावसाळ्यात देशी रोप लावायचं, आणि कापलेल्या फांद्या तिथंच समतल रेषेत, उताराला आडव्या टाकायच्या. माती अडते आणि काकाही शांत होतात.

याच कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी रोपं लावायची. चाळीस वर्षांच्या रेन ट्रीला चाळीस रोपं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण चाळीस रोपं म्हणजे चाळीस घनमीटर, चौदा ब्रास माती, आणि चाळीस खड्ड्यांची मोकळी जागा. ती कुठली? पुन्हा तीच, उरलेली.

हिरवळीचं, म्हणजे लॉनचं, थोडक्यात सांगून टाकतो. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी. एकराला वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन खेपा, रोज. त्यावर 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी. रोपट्याला दर चार-पाच दिवसांनी पंधरा-वीस लिटर पुरतं, तेही पहिले दोन-तीन उन्हाळे. रोज थोडं थोडं देऊ नये, मुळं वरच रेंगाळतात. सांडपाणी शुद्ध करून वापरतात ते उत्तमच, फक्त त्यात क्षार असतात. पानांच्या कडा करपायला लागल्या की महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं आळं भरून ते धुऊन काढावेत.

रस्त्याकडेची झाडं मरतात ती बहुधा प्रेमानं. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवून बसवतात, का तर स्वच्छ दिसतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढी जागा इथंही सोडली तरी पुष्कळ. कट्टा बांधून खोडाभोवती दोन फूट माती चढवली की बुंध्याची साल ओली राहून कुजते. ट्री गार्डचं तर विचारूच नका. रोप लहान असताना तो गुरांपासून वाचवतो, आणि खोड मनगटाएवढं झाल्यावर काढायचा असतो. तो काढण्याचा खर्च कुठल्याच निविदेत नसतो. मग लोखंडी कड्या सालीत रुतत जातात, झाड त्या गिळून टाकतं. बाहेर राहतो तो देणगीदाराच्या नावाचा पत्रा, तिरका, अर्धा लाकडात.

कारखान्यांच्या आतलं हिरवं वेगळं. प्लॉट घेताना शे-दोनशे चौरस मीटरला एक आणि रस्त्याच्या बाजूला दर पंधरा मीटरला एक झाड, अशा अटी जुन्या करारांत दिसतात. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीत 33 टक्के हरित पट्टा. पट्टा म्हणजे कुंपणालगत अशोकाची एक रांग, अशी समजूत आहे. तो खोटा अशोक, आसुपालव, सरळसोट. धूळ त्याच्या बाजूनं आरामात निघून जाते. धूळ अडवायची तर तीन ओळी तरी हव्यात, एकीच्या फटीसमोर दुसरीचं झाड. धुळीच्या बाजूला कण्हेर, अडुळशासारखी जमिनीपासून भरलेली झुडपं, मधे मध्यम, मागं उंच. पानं खरखरीत किंवा लवदार असली तर उत्तम. उंबराचं पान फेब्रुवारीत बोटानं पुसून बघा, बोट काळं होतं.

आणि वेळेचं. बागा सकाळी उघडतात, दुपारी कुलूप, संध्याकाळी पुन्हा उघडतात. हे वेळापत्रक निवृत्त माणसाचं. पहिल्या पाळीचा माणूस साडेतीनला सुटतो तेव्हा फाटक बंद, दुसऱ्या पाळीचा रात्री सुटतो तेव्हाही बंद. इथल्या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, बागेतली मिनी ट्रेन आणि भेळवाले मात्र रविवारच्या हिशोबानं सजलेले. म्हणून पाळीवाल्याची खरी बाग कंपनीच्या फाटकाबाहेरच असते. एखादा जुना रेन ट्री, त्याच्या बुंध्याला टेकवलेल्या सायकली, चहाची टपरी, खाली पुठ्ठा पसरून आडवे झालेले दोघं-तिघं. फाटक नाही, वेळ नाही, पाटी नाही. ढग भरून आले की रेन ट्री पानं मिटायला लागतो. टपरीवाला वर बघतो आणि स्टोव्ह आत ओढून घेतो.