पुरावा पुरेसा नाही, असे मी म्हणाले होते

“लोकांना दवाखाना आणि औषध हवे असताना तुम्ही शोधनिबंध कसले चाळत बसता?” हे मला सभांमध्ये विचारले जाते, डॉक्टर मित्रही विचारतात. पुन्हा विचारलेत, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझे नेहमीचे उत्तर असे, की सर्वांना आरोग्यसेवा द्यायची तरी पैसा मोजकाच असतो. ती कोणाला, कोणती आणि खर्चाचा किती भार उचलून द्यायची हे ठरवावेच लागते, आणि पुराव्यावाचून ठरवले तर ज्याचा आवाज मोठा त्याचे औषध यादीत येते. हे मला आजही खरे वाटते. मात्र ते देताना एक बैठक मी नेहमी वगळते.

रक्तदाबाच्या गोळ्यांना नाममात्र शुल्क लावावे का, हा त्या बैठकीपुढचा विषय होता. “फुकटाची किंमत राहत नाही,” असे एक सदस्य म्हणाले आणि माना डोलल्या. माझ्या हातात जेसिका कोहेन आणि पास्कालिन द्युपा यांचा केनियातील, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास होता. मच्छरदाणीची किंमत शून्यावरून ०.६० डॉलरवर नेताच ती घेणाऱ्या गरोदर स्त्रिया दर शंभरात ६० ने घटल्या होत्या, आणि फुकट मिळालेली मच्छरदाणी कमी वापरली जाते असेही दिसले नव्हते. मी ते सांगितले आणि लगेच पुस्ती जोडली, की मच्छरदाणी एकदा घ्यायची, गोळ्या जन्मभराच्या. तेव्हा पुरावा पुरेसा नाही, वर्षभर अभ्यास करू. इतिवृत्तात माझे तीनच शब्द उतरले, “पुरावा पुरेसा नाही”, आणि शुल्क लागू झाले.

पुढे पाहणीसाठी गेले तेव्हा औषधे देण्याच्या खिडकीपाशी एका वयस्क बाईंनी गोळ्यांच्या दोन पाकिटांपैकी एक बोटाने परत आत सरकवले आणि विचारले, “एक दिवसाआड घेतल्या तर चालतील ना?” घरखर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक पैसा उपचारांवर गेला की त्या कुटुंबाला झळ बसली असे मोजण्याची आमची रूढ पद्धत आहे. या बाईंनी औषधच निम्मे केले होते, त्यामुळे त्या मोजणीत त्या कधीच येणार नव्हत्या.

मी चूक बोलले नव्हते, असे तेव्हाची मी अजूनही ठासून सांगते. तू पुराव्याच्या पुढे पाऊल टाकलेस, तर उद्या महागड्या यंत्राचा पुरस्कर्ताही तेच करील, मग त्याला कशाच्या बळावर अडवशील? याचे उत्तर मला सापडलेले नाही. पण अभ्यास होईपर्यंत शुल्क लावू नका, एवढे म्हणायला कोणताही नवा पुरावा लागत नव्हता, आणि तेच मी म्हटले नाही. आता निर्णय लांबला तर तोवर कोणाचे औषध थांबेल, हे मी प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिते. सहकारी म्हणतात, हे संशोधन नव्हे, ही वकिली झाली. आमचा तो वाद अजून चालू आहे.