बुटांना फाउंडेशन का फासतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडळाच्या गणपतीत विचारलंत, पुण्याला आले की विचारता, लेकीचा फोटो टाकला की हमखास विचारता: "अगं, इतके गोड गुलाबी साटनचे बूट, त्यांना ते मातकट काय फासतेस?"

फाउंडेशन. तोंडाला लावायचं तेच. माझ्या लग्नात मी एवढं लावलं नव्हतं.

आम्ही लंडनला हॅरोमध्ये राहतो. लेक पंधराची आहे, बॅले शिकते आणि दोन वर्षांपासून पॉइंटवर आहे, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहून नाचते. त्या बुटाचं टोक कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेलं असतं, वरून साटन. शनिवारी जेवणं उरकली की मी ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरते. बाटल्या दोन, एक तिच्या रंगापेक्षा उजळ आणि एक गडद. बशीत दोन्ही कालवायच्या आणि स्पंजच्या तुकड्यानं टिपत टिपत लावायच्या. घासलं की रेघा उठतात. ओलं जास्त झालं की खळ सुटते, टोक मऊ पडतं आणि पन्नास-साठ पौंडांचा बूट नाचायच्या आधीच म्हातारा होतो. फिती तेवढ्या चहात बुडवते. कोऱ्या, बिनसाखरेच्या. पहिल्या खेपेला हाताच्या सवयीनं साखर पडली होती आणि फिती दिवसभर बोटांना चिकटत होत्या. सगळं मिळून तास जातो आणि थोड्याच दिवसांत बूट झिजतात. मोठ्या कंपन्यांतल्या नर्तिका तर एका प्रयोगात एक जोड संपवतात.

आता कारण. बॅलेत कमरेपासून अंगठ्यापर्यंत पाय एका ओघात दिसावा लागतो, त्याला सगळे 'लाइन' म्हणतात. शिकवणाऱ्या बाई वर्षभर त्या एका लाइनीच्या मागे असतात. गोऱ्या मुलीनं गुलाबी टाइट्स आणि गुलाबी बूट घातले की पाय कुठे संपला आणि बूट कुठे सुरू झाला ते कळत नाही. गुलाबीची योजना त्यासाठीच. तो तिच्या कातडीचा रंग. माझ्या लेकीनं तेच घातलं की वरचं अंग एकीचं आणि पाय दुसरीचे. घोट्यापाशी लाइन तुटते. पहिल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहून तीच म्हणाली, "आई, माझे पाय मोजे घातल्यासारखे दिसतायत." खरं सांगायचं तर तेव्हा मीही तुमच्यासारखंच म्हणाले होते, गुलाबीच छान दिसतं की.

मी तुळशीबागेत वाढलेली बाई. 'स्किन कलरची स्लिप द्या' म्हटलं की दुकानदार जो पीचसर तुकडा काढायचा, तो आमच्या घरात कुणाच्याच स्किनचा नव्हता. तरी आम्ही तो निमूट घ्यायचो. खडूच्या पेटीतही तोच. शाळेच्या गॅदरिंगला राधा-कृष्ण बसवलं तेव्हा माझा ताल वर्गात सगळ्यात पक्का होता, हे मी अजूनही सांगते. राधा मात्र दुसरीच झाली. बाई प्रेमानं म्हणाल्या, "तू कृष्ण हो, तुला रंगवायलाही नको." सगळे हसले, मीही हसले. वर मेकअपवाल्यानं मला गुलाबी पॅनकेक फासलाच, कारण त्याच्याकडे तेवढी एकच डबी होती. फोटोत मी राखेतून उठल्यासारखी दिसते.

म्हणून जॅनेट कॉलिन्सची गोष्ट वाचली तेव्हा मी जागीच थांबले. 1930च्या दशकात ही कृष्णवर्णीय मुलगी लॉस एंजेलिसला एका नावाजलेल्या रशियन बॅले कंपनीच्या निवडीला गेली. नाच पसंत पडला, पण रंगमंचावर चेहरा पांढरा रंगवावा लागेल असं तिला सांगितलं. ती नाही म्हणाली आणि घरी आली. पुढे 1951मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती प्रमुख नर्तिका म्हणून उभी राहिली, तोंडाला पांढरं न फासता.

रेव्हन विल्किन्सनची गत वेगळी. तीही कृष्णवर्णीय, पण उजळ होती, म्हणून 1955मध्ये बॅले रुस द माँटे कार्लोनं तिला घेतलं. कंपनी बसनं अमेरिकेच्या दक्षिणेकडे दौरे करायची आणि तिथे गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्यांना उतरायची बंदी. कुणी थेट विचारलं तर ती खोटं बोलायची नाही. अटलांटाच्या हॉटेलवालीनं विचारलं, हिनं सांगितलं, आणि तिला बाहेर काढलं. धोका वाढत गेला तशी ती दौऱ्यांतून गळत गेली. कंपनी सुटल्यावर अमेरिकेत तिला कुणी घेईना, तेव्हा ती नेदरलँड्सला जाऊन नाचली. 2015च्या जूनमध्ये मिस्टी कोपलँड न्यूयॉर्कला 'स्वान लेक'मधली हंसराणी झाली, तेव्हा रंगमंचावर फुलं घेऊन आलेल्यांत ऐंशी वर्षांची रेव्हन होती. काही दिवसांतच कोपलँडला अमेरिकन बॅले थिएटरनं प्रिन्सिपल, म्हणजे प्रमुख नर्तिका केलं. पंचाहत्तर वर्षांच्या त्या कंपनीत ही पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. ती क्लिप मी ओट्याशी उभी राहून पाहिली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

बुटांचा प्रश्न मात्र पहिल्यांदा नीट सोडवला तो आर्थर मिचेलनं. हा न्यूयॉर्क सिटी बॅलेचा नर्तक. 1957मध्ये नृत्यरचनाकार बॅलन्शीननं 'अगॉन' या बॅलेमध्ये त्याला डायना ॲडम्स या गोऱ्या नर्तिकेबरोबर उभं केलं. काळ्या पुरुषाच्या हातात गोऱ्या बाईचा हात, आणि तोही त्या काळच्या अमेरिकेत. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाल्यावर मिचेलनं आपलं लक्ष न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या वस्तीकडे वळवलं आणि 1969मध्ये कॅरेल शूकसोबत 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' काढलं. 1970च्या दशकात तिथे ठरलं की प्रत्येकीच्या टाइट्स आणि बूट तिच्या स्वतःच्या रंगाचे असतील. सरसकट एक तपकिरी देऊन मोकळं व्हायचं नाही. म्हणजे नर्तिका बसून, डब्या उघडून, आपापला रंग कालवणार. मी शनिवारी करते ती त्यांची नक्कल.

"पण आता तसले बूट मिळतात ना?" हा तुमचा पुढचा प्रश्न. मिळतात. लंडनमध्ये कासा पांचो या बाईंनी 2001मध्ये कृष्णवर्णीय आणि आशियाई नर्तकांसाठी 'बॅले ब्लॅक' ही कंपनी सुरू केली, आणि 2018मध्ये त्यांच्या साथीनं फ्रीड या बूट बनवणाऱ्यांनी दोन नवे रंग काढले, ब्राउन आणि ब्राँझ. फ्रीडचं दुकान 1929पासूनचं, म्हणजे इथवर यायला 89 वर्षं लागली. पण कातड्या काही दोनच रंगांच्या नसतात. लेकीचा रंग त्या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतो. शिवाय बूट पायाला बसणं आधी. रुंदी, टोकाची लांबी, तळव्याची ताठरता हे सगळं जुळलेला जोड गुलाबीत हातोहात मिळतो आणि तपकिरीत मागवावा लागतो. मी एकदा आठ आठवडे थांबले. तोवर तिचा पाय अर्धा नंबर वाढला होता.

हे सगळं जुनं, आता कोण बघतं, असंही म्हणता तुम्ही. क्लोई लोपेस गोमेस 2018मध्ये बर्लिनच्या सरकारी बॅले कंपनीत गेली, तिथली पहिली कृष्णवर्णीय नर्तिका. 'स्वान लेक'साठी आपल्याला अंगाला पांढरा रंग लावायला भाग पाडलं, असं तिनं 2020मध्ये जाहीरपणे सांगितलं. जॅनेट कॉलिन्सनंतर ऐंशीहून जास्त वर्षांनी.

एका बाबतीत मी अजून अडकते. चोवीस हंसिणी एका रांगेत येतात तेव्हा त्या सारख्या दिसायला हव्यात, ही जुन्या लोकांची तक्रार मला अगदीच खोटी वाटत नाही. ढोलपथकात एकानं वेगळा झब्बा घातला तर आपल्यालाही खटकतं. पण झब्बा बदलता येतो. आणि काही सावळ्या नर्तिकांना गुलाबीच हवा असतो, तोच बॅलेचा गणवेश वाटतो. त्यांच्याशी मी भांडणार नाही. भरतनाट्यम का नाही शिकवलंस, हे विचारणाऱ्यांशी मात्र भांडते. त्याचं उत्तर लेकीनं पाच वर्षांची असताना स्वतःच दिलंय.

गंमत म्हणजे बॅलेला आपण नवखे नाही. 1877मध्ये नृत्यरचनाकार पेतिपानं सेंट पीटर्सबर्गला 'ला बायादेर' हा बॅले बसवला. त्याची नायिका निकिया भारतातल्या देवळात नाचणारी. 'बायादेर' हा शब्द पोर्तुगीज 'बैलादेरा'वरून आला, आणि गोव्यातल्या देवळांत नाचणाऱ्या बायकांना पोर्तुगीज हेच म्हणत. म्हणजे गोव्याच्या कलावंतिणीचं नाव बॅलेच्या नकाशावर आहे, आणि तिचा पाय कायम गुलाबी. आम्ही तिघं तो बघायला गेलो तेव्हा लेक माझ्या कानात म्हणाली, "ही देवळात बूट घालून कशी गेली?"

आता मुंबईच्या वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह 2017मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये येऊन शिकला, हेही आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण लेकीच्या वर्गात अजून ती एकटीच.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई आली होती. तिनंही हेच विचारलं, आल्या आल्या. माझ्या लहानपणी मसुराचं पीठ आणि साय चोळून मला उजळवायला निघालेली बाई. मी हेच सगळं सांगायला लागले, रेव्हनपर्यंत पोचले असेन. तिनं चष्मा लावला, माझ्या हातातला स्पंज काढून घेतला आणि म्हणाली, "बाजूला सर, डाग पाडतेयस." मग बशीतला रंग बोटानं घेऊन आधी स्वतःच्या मनगटावर ओढला, दिव्याखाली धरला, नातीचा पाय ओढून त्याला लावून पाहिला.

"फिका झालाय," ती म्हणाली. "गडद बाटली दे."