झूमचा नाद

मित्राचा ब्रिज कॅमेरा (लांब झूमची एकच, न निघणारी लेन्स असलेला) आज दिवसभर मागून घेतला. 50 पट झूम, म्हणजे 35 मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात 24 ते 1200 मिलिमीटर फोकल लेन्थ, आणि लेन्स बदलायची भानगड नाही. सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या अलीकडच्या काठावरून शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावरचं घड्याळ पार जवळ ओढलं राव! कठड्यावर कोपर टेकवून, श्वास रोखून. नाहीतर फ्रेम नुसती नाचते. खंड्या मात्र दोनदा हुकला. फोकस लागेपर्यंत गडी उडालेला.

संध्याकाळी भेळेच्या गाडीवर सगळी हवा गेली. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, जेमतेम 6 मिलिमीटर रुंद, त्यामुळे कमी उजेडात फोटो खरखरीत. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 1600 ला नेला तर शेव कुठली नि चिरमुरे कुठले कळेना. तिथं माझा फोनच बरा.

तरी पन्हाळ्याला हाच नेणार. (मित्रा, रविवारपर्यंत ठेवतो रे!)